‘थांबा’ म्हणणारा माणूस

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, पिक्टू परगण्यातील प्लिमथ या लहानशा वस्तीशेजारी वेस्ट्रे नावाची कोळशाची खाण 1991 च्या सप्टेंबर महिन्यात सुरू झाली. परगण्यातल्या जुन्या खाणी एकामागून एक बंद पडलेल्या, तरुणांच्या हाताला काम नाही, अशा स्थितीत सरकारी कर्जाच्या आणि सरकारी हमीच्या बळावर उभी राहिलेली ही खाण पुढली अनेक वर्षे शेकडो कुटुंबांच्या पोटापाण्याची सोय करील, अशी ग्वाही राज्यकर्त्यांनी आणि मालकांनी दिली होती. खाण सुरू होऊन वर्षही पुरे झाले नव्हते तोच, कंपनीने नोंदविलेल्या दुखापतींच्या संख्येवरून, देशातील सर्वांत सुरक्षित कोळसाखाण म्हणून तिला जॉन टी. रायन यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 9 मे 1992 रोजी शनिवारी पहाटे सव्वापाचच्या सुमारास, खाणीत मिथेन वायूने पेट घेतला, त्या वणव्याने तळाशी साचलेली कोळशाची धूळ उधळून पेटविली, आणि रात्रपाळीवर जमिनीखाली असलेल्या 26 जणांपैकी एकही जिवंत वर आला नाही. शोधपथकांनी पंधरा देह बाहेर काढले. आणखी आत जाणे शोधकांच्याच जिवावर बेतेल असे दिसल्यावर शोध थांबविण्यात आला, आणि उरलेले अकरा जण आजही तिथेच, त्या बोगद्यांत आहेत.

सर्वांत सुरक्षित खाण आणि सव्वीस मृत्यू या दोन गोष्टी इतक्या लगोलग कशा घडू शकतात, हा प्रश्न मला कामाच्या जागेवरील सुरक्षिततेच्या साऱ्या विचाराचा गाभा वाटतो. कारखान्यांच्या दारांवर, इमारतींच्या बांधकामांवर आणि गोदामांच्या भिंतींवर जे फलक, जी घोषवाक्ये, जे आकडे आपण पाहतो, त्यांचा आणि आत काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा संबंध किती आणि कसा असतो, हे समजून घ्यायचे असेल, तर वेस्ट्रेची हकिकत सावकाश, तपशिलाने वाचली पाहिजे.

कोळशाच्या खाणीत मिथेन आणि धूळ हे माणसाचे दोन जुने वैरी होत. कोळशाच्या थरात कोंडलेला मिथेन खोदकामाबरोबर मोकळा होतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने तो पेटू शकतो. म्हणून पुरेशी खेळती हवा हा खाणकामाचा पहिला नियम. परंतु एकट्या मिथेनचा भडका पुष्कळदा एखाद्या बोगद्यापुरता मर्यादित राहतो. खरा संहार करते ती धूळ. भडक्याच्या दाबाची लाट पुढे धावते, जमिनीवरची, भिंतींवरची, आढ्यावरची कोळशाची भुकटी हवेत उडविते, मागून येणारी ज्वाळा तिला गाठते, आणि एका कोपऱ्यातली आग क्षणार्धात सबंध खाणीचा स्फोट होऊन बसते. यावरचा उपाय शंभर वर्षांपासून ठाऊक आहे आणि तो अत्यंत स्वस्त आहे. धूळ वेळच्या वेळी काढून टाकायची, आणि उरलेल्या धुळीत चुनखडीची पांढरी भुकटी इतकी मिसळायची की पेटायला आलेली ज्वाळा त्या दगडी चुऱ्यात आपली उष्णता गमावून विझावी. त्यासाठी लागते ती चुनखडी, काही माणसे आणि पाळीतला थोडा वेळ.

वेस्ट्रेमध्ये हा वेळ मिळत नव्हता. जी कोळशाची शीर ही खाण खोदत होती तिचा लौकिक त्या परगण्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही माहीत होता. त्याच शिरेवरच्या ॲलन खाणीत 1918 साली स्फोट होऊन 88 माणसे मेली होती. तरीही नव्या खाणीत धुळीचे थर साचत राहिले, चुनखडीची भुकटी पसरण्याचे काम जमेल तेव्हा, पाळी संपल्यावर, कोणी थांबायला तयार असेल तर, अशा रीतीने चालले. हवेत मिथेन वाढताच कोळसा खरवडणारे यंत्र आपोआप बंद पाडणारी उपकरणे उत्पादनात खंड पडू नये म्हणून निकामी करून ठेवल्याच्या साक्षी पुढे चौकशीत झाल्या. सरकारी निरीक्षकाने धूळ हटविण्याचा आणि भुकटी टाकण्याचा लेखी हुकूम 29 एप्रिलला दिला होता. पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा खाणीवर आला, पण हुकमाची अंमलबजावणी झाली की नाही हे त्याने पाहिले नाही. त्यानंतर तीन दिवसांनी स्फोट झाला.

या साऱ्या हयगयीपेक्षाही मला अधिक अस्वस्थ करणारी एक गोष्ट न्यायमूर्ती पीटर रिचर्ड यांच्या चौकशी-अहवालात आहे. स्फोटापूर्वी काही महिने एका अनुभवी खाणकामगाराने, आत जे चालले आहे ते कायद्याविरुद्ध आणि जिवावर उठणारे आहे, असे सरकारी निरीक्षकांना जाऊन सांगितले होते. त्याची तक्रार गुप्त राहिली नाही. ती व्यवस्थापनाच्या कानी गेली, आणि त्या माणसाला कामावरून काढून टाकण्यात आले. बाकीच्यांनी हे पाहिले. ज्या परगण्यात दुसरे काम नाही, जिथे घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा याच खाणीच्या पगारावर चालतात, तिथे तक्रार करणाऱ्याची गत काय होते याचा इतका उघड दाखला मिळाल्यावर आणखी कोण पुढे येणार? माणसे धुळीतून चालत कामावर जात राहिली. धोका त्यांना दिसत होता, आपसांत ती त्याविषयी बोलतही होती, घरी बायकांना सांगत होती; पण ज्याच्या हाती यंत्र थांबविण्याची सत्ता होती त्याच्यापर्यंत हे बोलणे पोहोचण्याचा मार्ग त्या एका बडतर्फीने बंद केला होता. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाच्या नावातच न्यायमूर्तींनी या दुर्घटनेला आधी ओळखता येण्याजोग्या वाटेने आलेला अनर्थ म्हटले आहे.

सुरक्षिततेची संस्कृती हा शब्दप्रयोग हल्ली व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फार ऐकू येतो आणि त्याच्या व्याख्याही पुष्कळ आहेत. माझ्या मते तिची एकच कसोटी पुरेशी आहे: धोका पाहून ‘थांबा’ म्हणणाऱ्या माणसाचे दुसऱ्या दिवशी काय होते? त्याला कामावर पूर्वीसारखे घेतले जाते की कमी तासांची पाळी मिळू लागते, त्याच्या म्हणण्याची कोणी शहानिशा करते की मुकादम इतरांदेखत त्याची टर उडवतो, यावरून त्या जागेची सुरक्षितता जितकी कळते तितकी ती कोणत्याही पारितोषिकावरून कळत नाही.

दुखापतींची संख्या हे माप वाईटच, असे नव्हे. पण ते फार सहज वाकविता येते. अमुक इतके दिवस अपघाताविना गेले, असा फलक दारावर लावला आणि तो आकडा टिकल्यास साऱ्या खात्याला बक्षीस जाहीर केले, की ज्याचे बोट यंत्रात चेमटले त्याच्यावर आपल्याच सोबत्यांचा दाब येतो. तो बोटाला पट्टी बांधून गप्प बसतो, किंवा पाय मुरगळलेल्याला कचेरीत आणून खुर्चीवर बसवितात आणि त्याचा दिवस बुडाला नाही अशी नोंद करतात. कागदावर अपघात घटतात. शिवाय लहान दुखापती आणि मोठे अनर्थ यांची कारणे पुष्कळदा निराळीच असतात. पाय घसरणे कमी झाले म्हणून मिथेन कमी होत नाही. युरेनियम, ॲस्बेस्टॉस, सिलिका यांसारख्या द्रव्यांनी जडणारे रोग तर वीस-तीस वर्षांनी, माणूस कामावरून निवृत्त झाल्यावर प्रकट होतात, आणि त्या फलकावर त्यांना कधीच जागा मिळत नाही. कॅनडात कामामुळे आलेले म्हणून नुकसानभरपाई मंडळे जे मृत्यू मान्य करतात त्यांची संख्या दरवर्षी हजाराच्या आसपास असते, आणि त्यांत अशा रोगांनी गेलेल्यांचा वाटा फार मोठा आहे.

कॅनडाने या बाबतीत जी वाट काढली ती समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. न्यायमूर्ती विल्यम मेरेडिथ यांच्या चौकशीनंतर ऑन्टारिओ प्रांताने 1914 साली कामगार-नुकसानभरपाईचा कायदा केला. कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडावा आणि त्याबदली, चूक कोणाची याची चर्चा न करता, मालकांच्या वर्गणीतून त्याला भरपाई मिळावी, असा तो करार होता. त्याने विधवांची आणि जखमींची अन्नान्नदशा टळली, पण अपघात टळले नाहीत. 17 मार्च 1960 रोजी टोरांटोच्या हॉग्ज हॉलो भागात डॉन नदीखाली पाण्याची नळवाहिनी टाकण्यासाठी खणलेल्या बोगद्यात आग लागली आणि इटलीहून आलेले पाच स्थलांतरित मजूर त्यात मेले. इंग्रजी बेताचे, गाठीला पैसा नाही, मालकापाशी तक्रार करण्याची सोय नाही, अशी ती माणसे होती. त्या मृत्यूंनी शहर हादरले, शाही चौकशी आयोग बसला आणि प्रांताचे औद्योगिक सुरक्षिततेचे कायदे नव्याने लिहिले गेले. तरीही या कायद्यांची सारी भिस्त बाहेरून कधीतरी येणाऱ्या निरीक्षकावर होती. जो माणूस रोज त्या यंत्रापाशी उभा असतो त्याला त्या योजनेत तोंड नव्हते.

ते त्याला मिळाले ते 1970 नंतरच्या दशकात. सस्कॅचेवान प्रांताने 1972 साली कामगारांच्या आरोग्य-सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा करून मालक आणि कामगार यांच्या संयुक्त समित्या सक्तीच्या केल्या. उत्तर अमेरिकेतला तो पहिलाच असा कायदा, आणि त्यामागे बॉब सॅस या अधिकाऱ्याचा आग्रह होता. दोनच वर्षांनी ऑन्टारिओतल्या एलियट लेक येथील युरेनियमच्या खाणींत फुप्फुसाचा कर्करोग आणि सिलिकोसिस यांनी सोबती मरत आहेत, सरकारला ते ठाऊक आहे आणि आपल्यालाच कोणी सांगितले नाही, या संतापाने खाणकामगार काम टाकून बाहेर पडले. त्यावर नेमलेल्या आयोगाचे प्रमुख जेम्स हॅम हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी 1976 साली जो अहवाल दिला त्याचे सूत्र असे, की कामाच्या जागेची सुरक्षितता ही तेथील प्रत्येकाची, आपापल्या अधिकाराच्या प्रमाणात, अंतर्गत जबाबदारी आहे. ज्याच्या हाती सत्ता जास्त त्याच्यावर जबाबदारी जास्त, आणि निरीक्षकाने ती जबाबदारी पाळली जाते की नाही हे पाहावे, स्वतः ती वाहू नये. या विचारातून कामगाराचे तीन हक्क कॅनडाच्या कायद्यांत रुजले: आपल्या कामातला धोका काय आहे हे जाणण्याचा, सुरक्षिततेच्या निर्णयांत भाग घेण्याचा, आणि धोक्याचे काम नाकारण्याचा. ऑन्टारिओचा कायदा 1979 च्या ऑक्टोबरात अमलात आला. सगळ्या प्रांतांची चाल मात्र सारखी नव्हती. तेलाने श्रीमंत झालेल्या आल्बर्टात अशा समित्या सरसकट सक्तीच्या व्हायला 2018 साल उजाडावे लागले.

हा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो हे ऑन्टारिओतल्या एखाद्या मध्यम धातुकारखान्यात महिन्यातल्या एका सकाळी पाहता येते. वीस किंवा अधिक कामगार असले की संयुक्त समिती हवी, पन्नास किंवा अधिक असले की तिचे किमान चार सभासद हवेत, आणि त्यांतले निदान निम्मे कामगारांनी किंवा त्यांच्या युनियनने निवडलेले हवेत, असा नियम आहे. त्या निवडलेल्यांपैकी एक जण दरमहा सबंध जागेची पाहणी करतो. पायात हिरव्या त्रिकोणाची खूण असलेले बूट, डोळ्यांवर चष्मा, हाती कागदाची फळी घेऊन तो निघतो. डोळे धुण्याच्या नळाची कळ दाबून पाणी स्वच्छ येते का ते पाहतो, अग्निशामक नळकांड्याच्या चिठ्ठीवरची तारीख वाचतो, दाबयंत्राचे संरक्षक जाळीदार दार उघडून यंत्र खरोखर थांबते की नाही याची खात्री करतो. दुरुस्तीला काढलेल्या यंत्रापाशी तो जास्त वेळ थांबतो, कारण तिथे कळ नुसती बंद असून चालत नाही. जो माणूस यंत्रात हात घालणार त्याने कळीला स्वतःचे कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवलेली असली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कोणाला चुकूनही वीज सुरू करता येणार नाही. पण या फेरीचे खरे मोल कागदावरच्या खुणांत नसते. फेरी मारणारा आपल्यातलाच आहे म्हणून पट्ट्यापाशी उभी असलेली बाई त्याला हळूच सांगते, की ते दार गेले दोन आठवडे चुंबक चिकटवून उघडे ठेवले जाते, कारण माल वारंवार अडकतो आणि दर वेळी यंत्र थांबविले तर संख्या भरत नाही.

ही एक ओळ त्याच्या टिपणात आली की पुढला सारा क्रम सुरू होतो. समितीने लेखी शिफारस केली तर मालकाला एकवीस दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावेच लागते: करणार असाल तर कधी, करणार नसाल तर का. माझ्या दृष्टीने सबंध कायद्यातली ही तरतूद सर्वांत शहाणी आहे, कारण दप्तरात गेलेले उत्तर कोणालाही पुढे नाकारता येत नाही. ज्या कारखान्यांत सुरक्षितता खरोखर सुधारली आहे तिथे व्यवस्थापक एकवीस दिवस थांबत नाही. तो त्याच दिवशी यंत्रापाशी येतो आणि माल का अडकतो असे त्या बाईला विचारतो. बेशिस्त म्हणून तिला ठपका दिला तर चुंबक खिशात जाईल आणि निरीक्षकाची पाठ वळताच पुन्हा दारावर येईल. माल अडकण्याचे कारण दूर केले तर त्या चुंबकाची गरजच उरणार नाही.

याला तात्त्विक गोष्ट मानू नये. क्युबेकमध्ये सँ-तस्ताश या गावी फरसबंदीच्या विटा करणाऱ्या ट्रान्सपाव्हे कंपनीत 2005 साली 23 वर्षांचा एक कामगार यंत्रात सापडून मेला. माणूस आत येताच यंत्र थांबविणारी प्रकाशकिरणांची संरक्षक योजना निकामी केलेली होती. अपघाताच्या चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे शब्द लिहून फाईल बंद करण्याची सवय आपल्याकडे आणि तिकडेही जुनीच आहे. पण संरक्षक दार बांधून ठेवणे हा जेव्हा साऱ्या खात्याचा रोजचा परिपाठ असतो तेव्हा तो एका माणसाचा दोष राहत नाही, कामाच्या रचनेचा दोष होतो. म्हणूनच या क्षेत्रातले जाणकार उपायांची एक उतरंड सांगतात: धोका मुळातूनच काढता येत असेल तर काढा, नाही तर कमी धोक्याचे द्रव्य वा पद्धत आणा, तेही शक्य नसेल तर यंत्राने धोका माणसापासून दूर ठेवा, मग नियम आणि शिकवण, आणि शेवटी, इतर काहीच उरले नाही तेव्हा, मुखपट्टी, हातमोजे आणि हेल्मेट. दगड किंवा फरशी कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर सिलिकाची बारीक धूळ हवेत उठतच नाही. त्याऐवजी कोरडे कापायला लावून मजुराच्या तोंडाला फडके बांधणे, हे उतरंडीच्या शेवटच्या पायरीवरूनही खाली उतरणे आहे. आपल्याकडे सुरक्षितता-सप्ताहात हेल्मेटे वाटली जातात. ती वाटावीतच, पण पाण्याची नळी आधी जोडावी.

वेस्ट्रेच्या दोन व्यवस्थापकांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला, पण तो वर्षानुवर्षे रेंगाळून 1998 साली सरकारने काढून घेतला. कंपनीवर किंवा तिच्या चालकांवर शेवटपर्यंत कोणताही गुन्हा शाबीत झाला नाही. मृतांच्या कुटुंबीयांनी आणि पोलाद कामगारांच्या युनियनने मात्र ओटावाच्या संसदेचा पिच्छा सोडला नाही, आणि 2003 साली फौजदारी संहितेत दुरुस्ती होऊन नवे कलम आले: दुसऱ्याच्या कामाला दिशा देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने त्या माणसाला शारीरिक इजा होऊ नये म्हणून वाजवी ती सारी दक्षता घेतलीच पाहिजे. त्या कलमाला तिकडे आजही वेस्ट्रेचा कायदा म्हणतात. ट्रान्सपाव्हे ही त्याखाली दोषी ठरलेली पहिली कंपनी होय.

या कायद्याची खरी परीक्षा टोरांटोत झाली. 2009 सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी, किपलिंग अव्हेन्यूवरील एका उंच इमारतीच्या सज्जांची दुरुस्ती करताना, दोरांवर टांगलेली परांची मधोमध दुभंगली. तिच्यावर सहा जण होते आणि जीवरक्षक दोर दोनच होते. दोराला नीट बांधलेला एक जण तेवढा वर लोंबकळत वाचला, पाच जण शंभर फुटांहून अधिक उंचीवरून खाली कोसळले आणि त्यांतले चौघे मेले. मेलेले सारे पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेले स्थलांतरित होते. मेट्रॉन या बांधकाम कंपनीला आधी झालेला दोन लाख डॉलरांचा दंड अपिलात साडेसात लाखांवर गेला, आणि दोर अपुरे आहेत हे दिसत असूनही काम चालू राहू देणाऱ्या प्रकल्प-व्यवस्थापकाला 2016 साली साडेतीन वर्षांची कैद झाली. त्याच दुर्घटनेनंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीच्या शिफारशींवरून प्रत्येक कामगाराला आणि सुपरवायझरला सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण देणे आणि बांधकामावर उंचीवर चढणाऱ्याला त्यासाठीचे वेगळे प्रशिक्षण देणे ऑन्टारिओत सक्तीचे झाले.

सहा माणसे आणि दोन दोर, हे त्या परांचीवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला मोजता येत होते, आणि काम नाकारण्याचा हक्क तर कायद्यात तीस वर्षे होता. तरीही कोणी मागे सरले नाही. हॉग्ज हॉलोच्या इटालियन मजुरांपासून किपलिंग अव्हेन्यूपर्यंत पन्नास वर्षांत कायदा पुष्कळ पुढे गेला, पण परक्या देशात नवखा असलेला, कर्जात बुडालेला, व्हिसाच्या चिंतेत असलेला माणूस तोंड उघडायला पूर्वीइतकाच कचरतो. टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संशोधनसंस्थेने दाखविले आहे, की नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात काम बुडविण्याजोगी दुखापत होण्याची शक्यता वर्षाहून अधिक काळ तेथे असलेल्यांच्या तुलनेत तिपटीहून जास्त असते. यंत्र नवे, जागा नवी, आणि विचारायला लाज वाटते, हे तिचे कारण.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुण्या-नाशकाहून, कोल्हापूर-सांगलीहून शिकायला गेलेली आपली मुले ब्रॅम्प्टन, मिसिसागा आणि सरे येथल्या गोदामांत रात्रपाळी करतात, आणि बहुधा ती नोकरी गोदामाच्या मालकाची नसते तर मजूर पुरविणाऱ्या एजन्सीची असते. घरी फोनवर ती आपल्या जेवणाविषयी आणि थंडीविषयी सांगतात. फोर्कलिफ्ट कोणत्या बाजूने येतो हे आपल्याला कोणी दाखवलेच नाही, असे आईला सांगून तिच्या जिवाला घोर कोण लावील? आपल्या घरांतही वडीलधाऱ्यांच्या पुढ्यात आवाज चढवू नये, साहेबाला उलट उत्तर देऊ नये, मिळालेले काम निमूटपणे करावे, हेच संस्कार झालेले असतात. ते इतर ठिकाणी शोभून दिसत असतील. पण जाळी नसलेल्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या मुलाने ते क्षणभर बाजूला ठेवावेत, असे त्याच्या वडिलांनीच त्याला सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रालाही ही चर्चा परकी नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर 1987 साली आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यात नवी कलमे घालण्यात आली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत मालक आणि कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आणि संभाव्य अनर्थाची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क त्यांत मान्य झाला. सूचना द्यावी, मालकाने तत्काळ उपाय करावा, मतभेद झाल्यास निरीक्षकाने निर्णय द्यावा, एवढे त्यांत होते; दरम्यान हात काढून घेऊन बाजूला उभे राहण्याचा हक्क मात्र त्यांत स्पष्ट शब्दांत लिहिला गेला नाही. डोंबिवलीत 2016 आणि 2024 च्या मे महिन्यांत रासायनिक कारखान्यांचे जे स्फोट झाले त्यांनंतर परवान्यांची आणि स्थलांतराची चर्चा पुष्कळ झाली. त्या औद्योगिक वसाहतींतल्या समित्यांच्या सभा होतात का, त्यांची टिपणे कोण लिहितो, आणि त्या टिपणांना उत्तर कोण देतो, हे विचारणारे थोडेच होते.

ऑन्टारिओत काम नाकारण्याची रीत अगदी सरळ आहे, आणि ती तिकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलाने निघण्यापूर्वीच शिकून घ्यावी. धोका आहे असे वाटण्यास सबळ कारण असेल तर कामगाराने सुपरवायझरला तसे सांगावे आणि जवळच सुरक्षित जागी थांबावे. सुपरवायझरने कामगारांच्या प्रतिनिधीसमोर लगेच तपास करावा. समाधान झाले नाही तर सरकारी निरीक्षकाला बोलवावे, आणि तो येईपर्यंत ते काम दुसऱ्या कोणाला द्यायचे असल्यास, पहिल्याने ते का नाकारले हे त्या दुसऱ्याला आधी सांगावेच लागते. यासाठी युनियन असण्याची अट नाही, आणि एजन्सीमार्फत आलेल्यालाही हा हक्क आहे. पोलीस, अग्निशामक दल, रुग्णालये अशा काही सेवांत तो मर्यादित आहे, एवढेच.

आणि त्यानंतर त्याच्या पाळ्या कमी झाल्या, दटावणी झाली किंवा नोकरी गेली, तर त्याला प्रांताच्या श्रमसंबंध मंडळाकडे दाद मागता येते. तिथे आपल्यावर सूड उगविला गेला हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. तसे झाले नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. युनियन नसलेल्यांना या कामी ‘ऑफिस ऑफ द वर्कर ॲडव्हायझर’ हे सरकारी कार्यालय विनामूल्य साहाय्य करते.